केस गळतात, तेव्हा चामडी पाहा

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडे धान कापणीला येतो, गावोगाव मंडया भरू लागतात आणि त्याच सुमारास घरातला कुत्राही केस सोडायला लागतो. ओसरीत केस, सतरंजीवर केस, इस्त्री करून ठेवलेल्या पांढऱ्या शर्टावर केस. पुढे फाल्गुनात, मोह पडायच्या दिवसांत, पुन्हा तेच. मग जो तो आपापलं निदान सांगतो. एक म्हणतो उष्णता झाली, दुसरा म्हणतो खरूज लागली, आणि तिसरा काही न म्हणता गॅरेजमधून जळकं ऑइल आणून कुत्र्याला चोपडतो. पहिले दोघं विचार तरी करतात. तिसऱ्याचं पुढे पाहू.

वर्षातून दोनदा केस झडणं हा बहुतेक केसाळ प्राण्यांचा धर्मच आहे. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मुळाशी सैल होऊन बसून राहतो आणि खालून नवा केस आला की पडतो. हे सगळं कधी व्हायचं ते थंडी-उन्हापेक्षा दिवसाची लांबी जास्त ठरवते. डोळ्यांत शिरणारा उजेड कमी झाला की मेंदूतली एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन जास्त वेळ सोडते, आणि त्या हिशेबाने शरीर हिवाळ्याची दाट लव विणायला घेतं. दिवस मोठा व्हायला लागला की ती लव उतरते. म्हणून थंडी अजून पुरती गेलेली नसते, तरी फेब्रुवारीच्या अखेरीस केस सुटायला लागलेले दिसतात.

मात्र आपल्याकडे हा बदल पुस्तकात लिहिलेला असतो तेवढा जोरकस नसतो. आरमोरी विषुववृत्तापासून साधारण साडेवीस अंश उत्तरेला. इथला जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरमधला सर्वांत लहान अकरा तासांच्या. लंडनमध्ये हाच फरक आठ तासांहून जास्त असतो. म्हणून परदेशी पुस्तकं वाचून ‘दोन आठवड्यांत सगळे केस जातात आणि नवे येतात’ अशी वाट पाहू नका. इथे ते महिना-दीड महिना रेंगाळत चालतं. गावरान कुत्र्याच्या अंगावर लव मुळातच थोडी, त्यामुळे त्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. पॉमेरेनियन, लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड यांना मात्र वरचे राठ केस आणि आतली मऊ लव असा दुहेरी थर असतो. ती लव झुबक्यांनी निघते आणि घाबरवते. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइटखाली लोळणाऱ्या कुत्र्याच्या शरीराला तर ऋतूचा नीट अंदाजच येत नाही. तो बारा महिने थोडे थोडे केस सोडत राहतो. हाही आजार नव्हे.

हे झडणं ऋतूचं की रोगाचं, हे ओळखायला केसांकडे पाहून उपयोग नाही. ते दोन्ही प्रकारांत गळतातच. कुत्र्याला दाराच्या उजेडात आणा, पाठीवरचे केस दोन्ही अंगठ्यांनी दोन्हीकडे सारा आणि खालची चामडी पाहा. ती कोरडी, स्वच्छ, नेहमीच्या रंगाची असली, खपली नसली, वास नसला, केस सगळ्या अंगावरून सारखे विरळ झाले असले पण टक्कल कुठेच नसलं आणि कुत्रा खाजवत नसला, तर निर्धास्त राहा. सैल केस चिमटीत धरून ओढला की विनासायास येतो आणि त्याखाली बारीक नवे केस बोटाला लागतात. हीच तपासणी बगलेत, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि कानांच्या कडेला करा, कारण रोग पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. पाठ तर सगळेच पाहतात.

झडीच्या दिवसांत रोज दहा मिनिटं विंचरणं हा सर्वांत स्वस्त उपाय. दुहेरी केसांच्या कुत्र्याला आधी लांब दातांचा विरळ कंगवा, मग ब्रश. अंगणात विंचरा, म्हणजे घरभर केस उडणार नाहीत. आंघोळ मात्र रोज नको. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. माणसाचा साबण टाळा. कुत्र्याची चामडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिचा आम्लपणाही वेगळा असतो, त्यामुळे आपल्या साबणाने ती कोरडी पडून उलट कोंडा होतो. पावसाळ्यात आंघोळीपेक्षा पुसणं महत्त्वाचं. बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, डुंबून आलेला कुत्रा ओल्या अंगाने तासन्‌तास कोपऱ्यात पडला की चामडीवर जंतू आणि बुरशी यांचं फावतं.

आता उन्हाळ्यातली एक चूक. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा आरमोरीतही वेगळं काही नसतं. अशा वेळी पॉमेरेनियनवर दया येऊन त्याला मशीनने तुळतुळीत करतात. हे करू नका. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळत नाही, तो धापा टाकून थंड होतो. केसांचा थर त्याला थेट उन्हापासून वाचवतो. शिवाय पॉमेरेनियनसारख्या जातींत केस मुळाजवळून कापले की ते कित्येक महिने, कधी वर्षभर, परत येत नाहीत. आले तरी ठिगळासारखे येतात. पोटाखालचे आणि जांघेतले केस थोडे आखूड करायला हरकत नाही. बाकी सावली, ओली फरशी आणि भरलेलं पाण्याचं भांडं एवढं पुरतं.

आता रोगांकडे. इथे दिसणारे मुख्य प्रकार चार-पाचच आहेत आणि थोडं नीट पाहिलं तर घरातल्या घरात बराच अंदाज येतो.

खाज नाही, पण पिलाच्या डोळ्यांभोवती, ओठांपाशी, पुढच्या पायांवर केस गेलेले गोल तुकडे दिसतात: हा बहुधा डेमोडेक्स. हा सूक्ष्म किडा केसांच्या मुळात राहतो. आईकडून पिलाला पहिल्या काही दिवसांतच मिळतो आणि बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर गुण्यागोविंदाने असतोही. प्रतिकारशक्ती ढळली की वाढतो. तो दुसऱ्या कुत्र्याला किंवा माणसाला लागत नाही, त्यामुळे पिलू हाकलून देण्याचं काही कारण नाही. दोन-चार लहान तुकडे असतील तर पुष्कळदा पिलू मोठं होताना आपोआप भरून येतात. अंगभर पसरले तर मात्र डॉक्टर.

प्रचंड खाज, रात्री झोप नाही, कानांच्या कडा, कोपर आणि पोट लाल, खडबडीत: ही खरी खरूज. हिचा किडा वेगळा. एक साधी परीक्षा आहे. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून एकमेकांवर चोळा. मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला तर खरजेचा संशय पक्का धरा. ही झपाट्याने पसरते, माणसाच्या हाता-पोटावरही लाल पुरळ उठवते. माणसावरचं पुरळ कुत्रा बरा झाला की सहसा जातं. आरमोरीसारख्या जंगलाला लागून असलेल्या तालुक्यात आणखी एक भान हवं: खरजेने सडलेला मोकाट कुत्रा कोल्ह्यांना, रानकुत्र्यांनाही ती देऊ शकतो.

गोल, कडेला खपली असलेला, मधोमध केस तुटलेला डाग म्हणजे बहुधा नायटा. ही बुरशी आहे आणि ती लेकरांना चटकन लागते. शेपटीच्या बुडाशी आणि पाठीच्या मागच्या भागात केस विरळ, कुत्रा तिथेच कुरतडतोय, तर पिसवा. पिसू हाताला लागली नाही तरी कंगव्यात आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणाभोवती तांबूस रंग उतरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. गोचडीने एरवी केस फारसे जात नाहीत, पण तिच्यापासून येणारा ताप जीव घेतो. हिरड्या फिक्या पडल्या, कुत्रा खाईना, नाकातून रक्त आलं, तर केसांचा विचार सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्याची तपकिरी गोचडी भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. मातीच्या भिंती आणि कुडाची घरं असलेल्या गावात नुसत्या कुत्र्याला औषध लावून ती जात नाही. भेगा लिंपाव्या लागतात, कुत्र्याच्या बसायच्या जागेवर औषध मारावं लागतं.

आणि आता जळकं ऑइल. लोकांचा त्यावर विश्वास बसला याला कारण आहे: तेलाखाली काही किडे मरतात आणि खाज दोन दिवस थांबल्यासारखी वाटते. पण इंजिनातून काढलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि जळालेली रसायनं असतात. कुत्रा अंग चाटतो आणि ते सगळं पोटात घेतो. चामडी भाजते, उलट्या होतात, पिलू असेल तर मरतंही. रॉकेल आणि फिनाइल यांचंही तेच. फिनाइल मांजराला तर थेट विष आहे. दुसरं तितकंच वाईट औषध मेडिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतं: स्टेरॉइड मिसळलेली मलमाची ट्यूब. खाज लगेच थांबते, म्हणून माणूस खूश होतो, आणि आतून नायटा किंवा डेमोडेक्स मोकाट सुटतो. निदान झाल्याशिवाय ती लावू नका, कोणी कितीही खात्रीने सांगितली तरी.

गाई-बकऱ्यांसाठी मिळणारं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याची पद्धतही गावांत आहे. कोली आणि त्या वंशाच्या कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत जातं आणि जीव घेऊ शकतं. बाकी कुत्र्यांतही वजनाचा अंदाज चुकला की धोका आहेच, कारण ते औषध शंभर-दोनशे किलोंच्या जनावराच्या हिशेबाने बाटलीत भरलेलं असतं. आता खरूज, डेमोडेक्स, पिसवा आणि गोचडी या चारहींवर चालणाऱ्या तोंडाने द्यायच्या गोळ्या मिळतात. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर ही त्यांतली नावं. महाग आहेत, पण एक गोळी महिना ते तीन महिने काम करते. वजन करूनच द्यायच्या, आणि फिट येणाऱ्या कुत्र्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगायचं.

दोन्ही बाजूंनी सारखेच केस जाणं, खाज अजिबात नसणं, हे आणखी वेगळं प्रकरण. मध्यमवयीन कुत्रा सुस्त झालाय, जाड झालाय, शेपटी उंदरासारखी बोडकी झालीय, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. पाणी फार पितो, पोट लोंबतंय, तर दुसऱ्या एका ग्रंथीचा दोष असू शकतो. युरोप-अमेरिकेत फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा लांबोडका प्राणी हौसेने पाळतात. त्याचा अनुभव इथे कामाचा आहे. फेरेटचे केसही दिवसाच्या लांबीनुसार वर्षातून दोनदा बदलतात. त्याच्या मूत्रपिंडावरची ग्रंथी बिघडली की वसंतात शेपटीपासून केस जायला लागतात, हिवाळ्याआधी भरून येतात, मालक सुटकेचा श्वास टाकतो, आणि पुढच्या एखाद्या वर्षी ते येतच नाहीत. काही कुत्र्यांतही, विशेषतः बॉक्सर जातीत, हिवाळ्याच्या सुमारास दोन्ही बरगड्यांवर टक्कल पडतं, चामडी काळसर होते आणि काही महिन्यांनी केस परत येतात. तेव्हा ‘दरवर्षी असंच होतं’ म्हणून सोडून देऊ नका. दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. टक्कल गेल्या वर्षीपेक्षा मोठं झालं का, ते आठवणीपेक्षा फोटो नेमकं सांगतो.  

व्यालेल्या कुत्रीचे केस पिलं महिना-दोन महिन्यांची असताना भसाभस जातात. मोठा ताप किंवा ऑपरेशन झाल्यावर एक ते तीन महिन्यांनीही तसंच होतं. तेव्हा औषध नको, खायला द्या.

खाण्याचं इकडचं दुखणं ठरलेलं आहे: भात. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि आपण कुत्र्याला भात, पेज आणि वरून थोडं वरणाचं पाणी घालतो. पोट भरतं, केस उपाशी राहतात. झडीच्या दिवसांत रोज एक उकडलेलं अंडं द्या. कच्चं नको, कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन शोषू देत नाही. वैनगंगेची किंवा बोडीची लहान मासोळी शिजवून, काटे काढून दिली तर केसांना तिच्यासारखं दुसरं काही नाही, कारण तिच्यातलं तेल कुत्र्याच्या अंगी थेट लागतं. जवस आपल्या शेतांत होतो आणि भाजून कुटून भातावर घालायला हरकत नाही, पण त्यातलं तेल कुत्र्याचं शरीर फारसं वापरू शकत नाही. जवसाला मासोळीची जागा देऊ नका. खारवलेली सुकट टाळा. चांगल्या खाण्याचा फरक केसांत दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात.

आता कोठ्यातली जनावरं. त्यांच्याबद्दल प्रश्न उलटा विचारायचा: केस गळले का, असा नव्हे, तर वेळेवर गळले का? निरोगी गाय-बैलाचा हिवाळी कोट होळीपर्यंत उतरतो आणि अंग चकचकीत होतं. चैत्र-वैशाख लागला तरी ज्याच्या अंगावर राठ, उभे, रंग उडालेले केस तसेच आहेत, ते जनावर आतून खंगलेलं आहे. आपल्या पट्ट्यात पहिला संशय जंतांचा, त्यातही यकृतातल्या पानासारख्या जंताचा. तो गोगलगायींतून येतो आणि धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव ही त्या गोगलगायींची घरं. सोबत जबड्याखाली पाण्यासारखी मऊ सूज दिसली तर वाट पाहू नका. शेणाची तपासणी करून घ्या, कारण साध्या जंतनाशकाने हा जंत जात नाही, त्याचं औषध वेगळं असतं.

दुसरा संशय तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा. तणीस पोट भरते, पण तिच्यात प्रथिनं आणि खनिजं फार कमी. तांब्याची उणीव झाली की काळ्या म्हशीचे केस तांबूस पडतात, डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखी फिकट कडी दिसते. खनिज मिश्रण रोज चारलं की दोन-तीन महिन्यांत रंग परत येतो. अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेली तणीस तर फेकूनच द्या. तिने शेपटीचा शेंडा, कानांची टोकं आणि खुरं सडतात. उत्तरेतल्या भाताच्या प्रदेशात या रोगाला पंजाबमधल्या एका नाल्यावरून डेगनाला म्हणतात. म्हशीच्या वगारीचे केस वाढत्या वयात विरळ होणं मात्र स्वाभाविक. म्हैस जन्मते केसाळ आणि मोठी होते ती जवळजवळ बोडकी.

सुबाभुळीचं काय? पानं हिरवीगार, प्रथिनं भरपूर, बकऱ्या तुटून पडतात. पण तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य आहे आणि ते केस गाळतं. घोड्याची आयाळ आणि शेपटीचे केस तर आधी जातात. जनावरांच्या पोटातले ठरावीक जिवाणू हे विष मोडून काढतात. १९८० च्या दशकात रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरच्या बकऱ्यांच्या पोटातले असे जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि ती गुरं सुबाभूळ बिनधास्त पचवू लागली. पुढे त्या जिवाणूला जोन्सचंच नाव मिळालं. तुमच्या बकरीच्या पोटात काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही. म्हणून सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा आणि हळूहळू सुरू करा.

बकऱ्या थंडीत भिंतीला अंग घासत असतील, केस तुटके आणि विस्कटलेले असतील, तर उवा शोधा. दाट हिवाळी केसांत त्या मजेत वाढतात. उजेडात मानेवरचे आणि पाठीवरचे केस सारून पाहिलं की हलताना दिसतात. रक्त पिणारी जात असेल तर डोळ्यांची आतली कड पांढरी पडलेली असते.

बैलांची चामडी पाहायला पोळ्यासारखा मुहूर्त नाही. आदल्या दिवशी खांदशेकणीला हळद-तूप चोळताना जुवाखालचे केस पाहा. कठाणी गोवंशाचा काटक बैल चिखलात जू ओढतो, पण जुवाची कड एकाच जागी घासली की तिथे आधी केस जातात, मग चामडी जाड होते, मग गाठ. नुसते केस गेलेले असताना जुवाला गोणपाटाची जाड गुंडाळी घातली तर पुढचं टळतं. अंगावर कठीण, वाटोळ्या गाठी आणि ताप असेल तर तो प्रकार जुवाचा नव्हे. २०२२ मध्ये राज्यभर पसरलेला लम्पी चर्मरोग अजून गेलेला नाही. जनावर वेगळं बांधा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

डॉक्टर हवा असेल तर १९६२ हा टोल फ्री क्रमांक लक्षात ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तोच लावायचा. अवघड प्रकरण असेल तर १९५८ पासून चालत आलेलं नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा दोन्ही मिळतात. कुठेही गेलात तरी चामडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याशिवाय दिलेलं खरजेचं औषध म्हणजे अंदाज. डेमोडेक्ससाठी थोडं रक्त येईपर्यंत खोल खरवडावं लागतं, तेव्हा डॉक्टरांवर चिडू नका. सुरुवात कधी झाली, कुठून झाली, खाज आधी की टक्कल आधी, घरात आणखी कोणाला खाज आहे का, शेवटचं जंतनाशक कधी दिलं, एवढं कागदावर लिहून न्या.

खरूज निघाली तर घरातल्या सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी औषध द्या, बसायची गोणपाटं गरम पाण्यात उकळा आणि खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा डोस चुकवू नका, कारण अंड्यातून निघणारे किडे नंतर येतात. औषधी शाम्पू दिला असेल तर फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्या, मग धुवा. आणि दाखवायला नेण्याच्या आदल्या दिवशी आंघोळ घालू नका, तेल लावू नका. किडे आणि बुरशी धुऊन गेली तर खरवडीत काहीच सापडत नाही आणि तुमचा फेरा फुकट जातो.